शॉपवरची माणसं स्वतःहून बघतील असा डॅशबोर्ड कसा लावायचा

भोसरी, चाकण, तळवडे, कुठल्याही एमआयडीसीत हल्ली गेलात तर ऑफिसात भिंतीला एक मोठा टीव्ही असतो आणि त्यावर रंगीत गोल, काटे, टक्के असं बरंच काही फिरत असतं (ह्यालाच डॅशबोर्ड म्हणतात), पण सुपरवायझरला विचारा की काल थर्ड शिफ्टला किती माल निघाला, तर तो टीव्हीकडे बघतच नाही, खिशातली डायरी काढतो. त्याचा विश्वास त्या डायरीवर आहे, कारण तिच्यात त्याने स्वतः उभं राहून लिहिलंय. आपलं काम म्हणजे ती डायरी सगळ्यांना दिसेल अशी भिंतीवर आणायची आणि तिच्यात खरं लिहायला कोणाला भीती वाटणार नाही अशी व्यवस्था करायची. ह्यातलं दुसरं काम जास्त अवघड आहे आणि जास्त महत्त्वाचंही, सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं हा प्रश्न त्याच्या फार नंतर येतो.

मी उदाहरण घेतोय ते आठ-दहा सीएनसी आणि व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी, धातू कापून पार्ट घडवणारी मशीन) असलेल्या, दोन-तीन शिफ्ट चालणाऱ्या, ऑटोचे पार्ट्स बनवणाऱ्या छोट्या शॉपचं, म्हणजे वर्कशॉपचं, कारण तेच मला जवळून माहिती आहे. ऑफिसातल्या टीमसाठी काय वेगळं लागतं ते खाली थोडक्यात लिहिलंय.

पहिली गोष्ट, कॉम्प्युटर बंद ठेवा आणि एका कागदावर लिहा की रोज सकाळी आपण नक्की कुठले निर्णय घेतो. कुठलं मशीन कुठल्या पार्टला लावायचं, कुठला माल आधी पाठवायचा, मेंटेनन्सवाल्याला आधी कुठे पाठवायचं, कुठल्या पार्टची तपासणी वाढवायची, ओव्हरटाइम लावायचा का नाही. आता प्रत्येक निर्णयासमोर लिहा की हा घ्यायला कुठला आकडा लागतो. डॅशबोर्डवर फक्त तेच आकडे येतील. आणि प्रत्येक आकड्याला एक प्रश्न विचारायचा, हा आकडा आज वाईट आला तर उद्या सकाळी कोण काय करणार? ह्याला नावासकट उत्तर नसेल तर तो आकडा सोडा, कितीही छान दिसत असला तरी. महिन्याचा टर्नओव्हर मालकासाठी फार महत्त्वाचा, पण व्हीएमसीवरचा माणूस तो बघून काहीच करू शकत नाही, मग शॉपच्या टीव्हीवर तो कशाला?

अशी गाळणी लावली की बहुतेक शॉपमध्ये पाच-सहाच आकडे उरतात. प्लॅनप्रमाणे किती चांगले जॉब (म्हणजे मशीनवरचे नग) निघाले, मशीन किती मिनिटं आणि कशामुळे थांबलं, रिजेक्शन म्हणजे फेकायचा माल किती आणि रिवर्क म्हणजे परत दुरुस्त करायचा माल किती (हे दोन्ही वेगवेगळे ठेवा, एकत्र केलेत की रिवर्कमध्ये जाणारे तास कोणाला दिसतच नाहीत), दोन ऑपरेशनच्या मध्ये किती माल पडून आहे, कस्टमरला ठरलेल्या तारखेला पूर्ण क्वांटिटी गेली का, आणि कोणाला लागलं-खुपलं का. एवढं नीट झालं तरी खूप झालं.

आधी बोर्ड, मग टीव्ही

माझं ठाम मत आहे की सुरुवात व्हाइटबोर्ड आणि मार्करनेच करावी, निदान काही आठवडे तरी. मशीनशेजारी एक छोटा बोर्ड, त्यावर चार रकाने, वेळ, टार्गेट, झालेले, कारण. दर तासाला ऑपरेटरने झालेले नग लिहायचे आणि टार्गेटपेक्षा कमी असतील तर कारण लिहायचं, दोन-तीन शब्दांत, 'इन्सर्ट तुटला' (इन्सर्ट म्हणजे टूलची कापणारी टिप), 'क्रेन नव्हती', 'पहिला पीस क्यूएकडे' (क्यूए म्हणजे क्वालिटी तपासणारे). बस. नगाचे आकडे तर मशीनच्या कंट्रोलरमधून, पार्ट काउंटरमधून, कुठूनही मिळतात, पण कारण फक्त मशीनसमोर उभ्या असलेल्या माणसालाच माहिती असतं आणि ते शिफ्ट संपल्यावर विचारलंत तर निम्मं विसरलेलं असतं. ह्या बोर्डाचा खरा माल म्हणजे तो चौथा रकाना.

आणि तो रकाना टिकतो कशावर, तर कोणीतरी येऊन वाचतं का ह्यावर. सुपरवायझरने दोन तासांत एकदा तरी बोर्डासमोर उभं राहून सही करायची आणि लिहिलेल्या अडचणीचं काहीतरी करायचं. टोयोटामध्ये अँडन म्हणतात त्यात हेच आहे, लाइनवरच्या कुठल्याही माणसाला अडचण आली की तो दोरी ओढतो, दिवा लागतो आणि टीम लीडर लगेच तिथे येतो, ते काम त्या स्टेशनच्या हद्दीत सुटलं नाही तर लाइन थांबते. लोकांना दिवा लक्षात राहतो, पण दिवा लागल्यावर माणूस धावत येतो हे त्यातलं मुख्य. बोर्डावर सलग चार दिवस 'क्रेन नव्हती' लिहूनही कोणी आलंच नाही तर पाचव्या दिवशी तिथे नुसती रेघ असेल, आणि त्यात ऑपरेटरची काही चूक नाही.

बोर्ड चालू असताना तुम्हाला आपोआप कळतं की आपल्या शॉपमधली थांबण्याची खरी कारणं कुठली आहेत. तीच यादी पुढे फॉर्ममध्ये टाकायची. कन्सल्टंटच्या फाइलमधली चाळीस कारणांची यादी उचलून आणू नका, ऑपरेटर पहिल्या तीनपैकीच काहीतरी टिचकी मारून मोकळा होतो.

डेटा कसा भरायचा

गूगल फॉर्म आणि गूगल शीट ह्यावर आठ-दहा मशीनचं शॉप आरामात चालतं. एक्सेल चालत असेल तर एक्सेल. फॉर्ममध्ये टाइप करायचं कमीत कमी ठेवा, मशीन नंबर, पार्ट, ऑपरेशन, शिफ्ट, थांबण्याचं कारण हे सगळं ड्रॉपडाउनमधून, फक्त नग आणि मिनिटं हाताने. पार्ट नंबर हाताने लिहू दिलात तर एकाच पार्टची पाच स्पेलिंग होतात आणि पुढची सगळी बेरीज चुकते. फॉर्मची लिंक क्यूआर कोडमध्ये टाकून मशीनवर चिकटवा, प्रत्येक मशीनचा मशीन नंबर आधीच भरलेली लिंक बनवता येते, गूगल फॉर्ममध्ये तशी सोय आहे. प्रश्न मराठीत लिहा, आणि जे ऑपरेटर हिंदी वाचतात त्यांच्यासाठी खाली हिंदीतही. पूर्ण फॉर्म भरायला दीड मिनिटापेक्षा जास्त लागत असेल तर प्रश्न कमी करा.

कारणांच्या यादीत 'इतर' ठेवायलाच लागतं, पण दर महिन्याला 'इतर'मध्ये किती मिनिटं गेली ते बघा, ते वरच्या तीन कारणांत आलं की समजायचं यादीत काहीतरी राहिलंय, जाऊन विचारायचं.

नाइट शिफ्टची तारीख हा सगळ्यात जास्त घोळ घालणारा विषय आहे. रात्री ११ ला चालू झालेली शिफ्ट सकाळी ७ ला संपते, फॉर्म ७ वाजून १० मिनिटांनी भरला जातो, त्यामुळे शीटमध्ये आपोआप पडणारी वेळ दुसऱ्या दिवसाची असते आणि थर्ड शिफ्टचा माल उद्याच्या खात्यात जातो. त्यासाठी नियम एकच, शिफ्ट ज्या दिवशी चालू झाली ती तारीख, आणि ती फॉर्ममध्ये वेगळी विचारायची, टाइमस्टॅम्पवर विसंबायचं नाही. आणखी एक, आमच्या भोसरी-पिंपरीच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते त्यामुळे सोमवार ते रविवार असा आठवडा धरला तर प्रत्येक आठवडा मधेच तुटतो. शीटमधल्या वीकनम फंक्शनला दुसरा आकडा १५ दिला की आठवडा शुक्रवारपासून मोजला जातो, छोटी गोष्ट आहे पण आठवड्याचे आकडे लोकांच्या डोक्यातल्या आठवड्याशी जुळायला लागतात.

शीटमध्ये तीन वेगळे टॅब ठेवा. पहिला फॉर्ममधून येणारा कच्चा डेटा, एका ओळीत एक मशीन, एक शिफ्ट, एक पार्ट, आणि ह्या टॅबमध्ये आलेल्या आकड्यांना कोणी हात लावायचा नाही, सेल मर्ज करायचे नाहीत, मधे रंगीत टोटलच्या ओळी घालायच्या नाहीत. दुसऱ्या टॅबमध्ये हिशोब, पिव्होट टेबल किंवा समइफ्स, काउंटइफ्स (अटीप्रमाणे बेरीज आणि मोजणी करणारी फंक्शन). तिसरा टॅब फक्त दाखवायचा. चूक सापडली तर कच्च्या ओळीसमोर वेगळ्या रकान्यात दुरुस्ती आणि कोणी केली ते लिहा, जुना आकडा पुसू नका. टॅब वेगळे नसतील तर एखाद्या शनिवारी कोणीतरी 'जरा नीट दिसावं म्हणून' कच्च्या डेटात दोन रकाने सरकवतं आणि सगळे फॉर्म्युले मोडतात.

ओईई, पण समजून

ओईई (ओव्हरऑल इक्विपमेंट इफेक्टिव्हनेस, म्हणजे मशीनच्या हातातल्या वेळेपैकी किती वेळ खरंच चांगला माल काढण्यात गेला) हा शब्द आता सगळीकडे आहे, कस्टमर ऑडिटला आला की पहिला तोच विचारतो. जपानच्या सेइची नाकाजिमा ह्यांच्या टीपीएमच्या (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स, मशीन सांभाळण्याची पद्धत) कामातून तो आला आणि लोक जे ८५ टक्के ८५ टक्के करतात तेही तिथूनच, साधारण ९० टक्के अव्हेलेबिलिटी, ९५ टक्के परफॉर्मन्स आणि ९९ टक्के क्वालिटी ह्यांचा गुणाकार.

एक शिफ्ट घेऊ. ४८० मिनिटं, त्यातून जेवण आणि चहाची मिळून ६० गेली, राहिली ४२०. सेटिंगला, म्हणजे नवीन पार्टसाठी मशीन तयार करायला, ५० मिनिटं गेली, लाइट २० मिनिटं नव्हती, म्हणजे मशीन प्रत्यक्षात ३५० मिनिटं चाललं, अव्हेलेबिलिटी ८३.३ टक्के. एका जॉबची सायकल टाइम, म्हणजे एक नग काढायला लागणारा ठरलेला वेळ, अडीच मिनिटं, म्हणजे ३५० मिनिटांत १४० नग निघायला हवे होते, निघाले ११९, परफॉर्मन्स ८५ टक्के. ११९ पैकी पहिल्याच फटक्यात ओके झाले ११४, क्वालिटी ९५.८ टक्के. तिन्हींचा गुणाकार ६७.९ टक्के. पडताळून बघायचं असेल तर ११४ चांगले नग गुणिले अडीच मिनिटं म्हणजे २८५ मिनिटं, भागिले ४२०, तेच उत्तर आलं पाहिजे. ह्याचा अर्थ ४२० मिनिटांपैकी २८५ मिनिटांचाच पैसा होईल असं काम झालं, हे असं सांगितलं की शॉपवर सगळ्यांना पटकन कळतं, टक्क्यांत सांगितलं की कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच की तो ६७.९ टक्के टीव्हीवर मोठ्या अक्षरात लावून काही होत नाही. गेलेली १३५ मिनिटं कुठे गेली ते लावा. सेटिंग ५०, लाइट २०, हळू चालल्यामुळे किंवा लहानसहान थांबण्यामुळे साडेबावन्न, रिजेक्शनमुळे साडेबारा. बेरीज बरोबर १३५ येते. आता दिसतं की सगळ्यात जास्त मिनिटं अशा ठिकाणी गेलीत जिथे कोणी कारणच लिहिलं नव्हतं, चिप अडकली, एअर प्रेशर कमी होतं, जॉब उचलायला हेल्पर नव्हता, दोन-दोन मिनिटांच्या गोष्टी. तिथे जाऊन अर्धा तास उभं राहून बघणं हे पुढचं काम, त्याला दुसरा चार्ट नाही लागत.

परफॉर्मन्स कधी १०० टक्क्यांच्या वर गेला तर खुश होऊ नका, तुमची स्टँडर्ड सायकल टाइम फुगवलेली आहे, ती पुन्हा स्टॉपवॉचने मोजा. आणि वेगवेगळ्या मशीनच्या ओईईची एकमेकांशी तुलना करू नका, एकावर महिनाभर एकच पार्ट चालतो आणि दुसऱ्यावर दिवसाला तीन सेटिंग होतात, त्या दुसऱ्या मशीनचा माणूस कितीही चांगला असला तरी त्याचा आकडा कमीच दिसणार. एका मशीनची तुलना त्याच मशीनच्या मागच्या महिन्याशी.

महिन्याभराची थांबण्याची मिनिटं कारणाप्रमाणे उतरत्या क्रमाने लावली की साधारण वरची दोन-तीन कारणंच निम्म्याहून जास्त वेळ खाताना दिसतात. त्यात 'फर्स्ट पीस ॲप्रूव्हल'वर नजर ठेवा. सेटिंग झालं, पहिला पीस क्यूएकडे गेला, क्यूएचा माणूस शिफ्टला एकटा आहे आणि तो डिस्पॅचची तपासणी करतोय, आणि इकडे मशीन उभं. हे सहसा सेटिंगमध्येच धरलं जातं आणि मग सेटरला बोलणी बसतात. वेगळं मोजलंत की कळतं दोष सेटरचा नाही, उपाय सेटरकडे नाही, पहिल्या पीसला प्राधान्य द्यायचं एवढा एक निर्णय क्यूएच्या साहेबांनी घ्यायचाय.

टक्क्यांमध्ये फसायला होतं

एका मशीनवर ४०० नग झाले, ४ रिजेक्ट, १ टक्का. दुसऱ्यावर २० नग, ४ रिजेक्ट, २० टक्के. बरेच जण ह्या दोन टक्क्यांची सरासरी काढून साडेदहा टक्के लिहितात. खरं रिजेक्शन ४२० मध्ये ८, म्हणजे १.९ टक्के. टक्क्यांची सरासरी कधीही काढायची नाही, आधी रिजेक्ट नगांची बेरीज, मग एकूण नगांची बेरीज, मग भागाकार. हा घोळ मी कितीतरी शीटमध्ये बघितलाय आणि त्यावरून मीटिंगमध्ये चिडाचिडही बघितलीय.

लीड टाइमलाही, म्हणजे ऑर्डर आल्यापासून माल जाईपर्यंतच्या दिवसांनाही, तसंच. दहा ऑर्डरपैकी नऊ चार दिवसांत गेल्या आणि एक चोवीस दिवस अडकली तर सरासरी सहा दिवस येते, पण बरोबर सहा दिवस लागलेली ऑर्डर एकही नाही. मधला आकडा म्हणजे मीडियन चार दिवस दाखवा आणि अडकलेली ऑर्डर नावानिशी वेगळी दाखवा. कस्टमर सरासरीवर फोन करत नाही, त्या एका ऑर्डरवर करतो.

कस्टमर पीपीएममध्ये बोलतो, म्हणजे दहा लाखांत किती. १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएम. शॉपवर मात्र नगच दाखवा, 'काल ७ जॉब स्क्रॅप' हे वाचून माणूस थांबतो, पीपीएम वाचून नाही.

पडून असलेल्या मालाबद्दल एक साधा हिशोब फार कामाचा आहे, जॉन लिटल ह्यांनी १९६१ मध्ये तो गणिताने सिद्ध केला. आत किती माल आहे भागिले रोज किती बाहेर जातो, म्हणजे एका जॉबला आत किती दिवस लागतात. व्हीएमसी आणि डीबरिंगच्या (जॉबच्या कडांवर राहिलेली धार घासून काढायचं काम) मध्ये ६०० जॉब पडलेत आणि डीबरिंगमधून रोज १२० निघतात, तर आज व्हीएमसीतून निघालेला जॉब पाच दिवसांनीच पुढे जाणार. कस्टमरला परवाची तारीख द्यायच्या आधी हा भागाकार करून बघा. आणि तो बघितला की मग कळतं की व्हीएमसीवर ओव्हरटाइम लावून काही उपयोग नाही, ढीगच वाढेल, माणूस डीबरिंगला द्यायला पाहिजे.

आकडा हलला म्हणजे काहीतरी झालंच असं नाही

हा भाग सगळ्यात कमी लोक करतात म्हणून जरा नीट लिहितो. समजा आठवड्याचं रिजेक्शन दहा आठवडे असं आलं, ३.१, २.६, ३.४, २.९, ३.८, २.७, ३.०, ३.५, २.८, ३.२ टक्के. पाचव्या आठवड्यात ३.८ आलं तेव्हा मीटिंग होते, आवाज चढतो, पुढच्या आठवड्यात २.७ येतं आणि सगळ्यांना वाटतं ओरडल्याचा उपयोग झाला. खरं तर शॉपमध्ये काहीच बदललेलं नाही, आकडा आपला आपण थोडा वर-खाली होतच असतो.

किती वर-खाली होणं नेहमीचं आहे हे काढता येतं. वॉल्टर श्यूहार्ट ह्यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये मे १९२४ मध्ये पहिला कंट्रोल चार्ट मांडला, तेव्हापासूनची ही गोष्ट आहे आणि शीटमध्ये दहा मिनिटांचं काम आहे. दहा आकड्यांची सरासरी काढा, इथे ३.१. मग प्रत्येक आठवडा आणि त्याच्या आधीचा आठवडा ह्यांतला फरक काढा, वजा-अधिक चिन्ह सोडून, ०.५, ०.८, ०.५, ०.९, १.१, ०.३, ०.५, ०.७, ०.४. ह्या फरकांची सरासरी ०.६३. तिला २.६६ ने गुणा, साधारण १.७. आता ३.१ मध्ये १.७ मिळवा आणि वजा करा, वरची रेघ ४.८, खालची १.४. ह्या दोन रेघांमध्ये जोवर आकडा आहे तोवर एका आठवड्याचं कारण शोधत बसू नका, एखाद्याला बोलावून जाब तर अजिबात विचारू नका. रेघेबाहेर गेला, किंवा सलग आठ आठवडे सरासरीच्या एकाच बाजूला राहिला, तर मात्र नक्की काहीतरी बदललंय, मटेरियलचा लॉट, नवीन इन्सर्टचा ग्रेड, कूलंटचं प्रमाण, फिक्श्चरचा लोकेटर झिजला, तेव्हा धावायचं.

आणि ३.१ टक्के हीच पातळी जास्त वाटत असेल तर? ते वाटणं बरोबर आहे, पण मग ३.८ चा आठवडा आणि २.६ चा आठवडा असं वेगळं काढून उपयोग नाही, दहाही आठवड्यांचे सगळे रिजेक्ट जॉब एकत्र घेऊन कारणाप्रमाणे लावायचे आणि वरच्या कारणासाठी प्रोसेसच बदलायची. पोका-योके (चूक होऊच नये अशी सोय), नवीन क्लॅम्पिंग, टूल लाइफचा आकडा कमी करणं म्हणजे टूल लवकर बदलणं, जे काय असेल ते. ह्या दोन कामांतला फरक मॅनेजरला कळला की शॉपवरचं वातावरण बदलतं, लोकांना दर आठवड्याला विनाकारण उभं राहावं लागत नाही.

माणसांची नावं भिंतीवर नकोत

डॅशबोर्डवर ऑपरेटरच्या नावाने रँकिंग लावू नका. मला ह्यात मधलं काही मान्य नाही. ज्याच्याकडे अवघड पार्ट आहे, जुनं मशीन आहे, ज्याला सेटिंग जास्त येतात तो खालीच राहणार, आणि तो सहसा तुमचा सगळ्यात हुशार माणूस असतो म्हणूनच त्याला ते मशीन दिलेलं असतं. नावं लावली की पहिल्याच आठवड्यात आकडे सुधारतात आणि तेव्हाच ते खोटे झालेले असतात. रिजेक्ट जॉब बिनच्या तळाला जातो, दहा मिनिटांचं थांबणं लिहिलंच जात नाही, सोपा पार्ट आधी काढला जातो आणि ज्याची गाडी उभी आहे तो पार्ट मागे राहतो.

१९७५ साली चार्ल्स गुडहार्ट ह्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने पैशाच्या पुरवठ्याच्या धोरणाबद्दल लिहिताना हेच मांडलं होतं की एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी दबाव आणला की तो आकडा आधीसारखा भरवशाचा राहत नाही. शॉपवर त्याचा अनुभव रोज येतो. सेटिंग टाइम कमी करा म्हणालात की पहिल्या पीसची तपासणी उरकली जाते. म्हणून आकडे जोडीने लावा. सेटिंग टाइमच्या शेजारी सेटिंगनंतरच्या पहिल्या दहा जॉबमधलं रिजेक्शन. नगांच्या शेजारी रिवर्कचे तास. वेळेवर डिस्पॅचच्या शेजारी पूर्ण क्वांटिटी गेली का, नाहीतर ५०० च्या ऑर्डरचे ५० नग पाठवून चलन वेळेवर फाडलं जातं. एकाला ओढलं तर दुसरा हलतो आणि ते लगेच दिसतं.

कोणाला ट्रेनिंगची गरज आहे, कोणाला काही अडचण आहे, हे बोलायचंच असतं, पण ते सुपरवायझरने त्या माणसाशी बाजूला घेऊन, चहा घेता घेता, 'दादा, ह्या पार्टला काय त्रास होतोय' असं विचारून. आणि इन्सेंटिव्ह ह्या आकड्यांना लगेच जोडू नका. डेटा खरा आहे ही खात्री व्हायला वेळ लागतो आणि खात्री व्हायच्या आधी पैसे जोडलेत की ती कधीच होत नाही.

स्क्रीनवर काय आणि कसं

दहा-बारा फुटांवरून, हातात जॉब असताना, पाच सेकंदांत कळलं पाहिजे की आज ठीक चाललंय की नाही. म्हणून मोठे आकडे, प्रत्येकाशेजारी टार्गेट, आणि मागच्या १०-१२ आठवड्यांची साधी रेघ. स्पीडोमीटरसारखे काटे नकोत, ते जागा खूप खातात आणि आधी काय होतं ते सांगतच नाहीत. लाल-हिरवा फरक काही पुरुषांना दिसत नाही, त्यामुळे नुसत्या रंगावर सोडू नका, 'मागे', 'ठीक' असा शब्द किंवा बाण द्या. कोपऱ्यात 'शेवटचं अपडेट' म्हणून तारीख आणि वेळ दिसलीच पाहिजे, कालचा आकडा आजचा समजून एकदा निर्णय घेतला गेला की लोक परत त्या स्क्रीनकडे बघत नाहीत.

टीव्हीला जुना कॉम्प्युटर जोडून ब्राउझरमध्ये शीटचा तिसरा टॅब उघडा ठेवला तरी काम होतं. गूगल शीट 'वेबवर प्रकाशित' करताना सांभाळा, ती लिंक ज्याच्याकडे जाईल त्याला सगळं दिसतं, त्यात कस्टमरची नावं, रेट, ड्रॉइंग नंबर असतील तर तो टॅब प्रकाशित करूच नका. ओळी वाढून शीट रेंगाळायला लागली की मग पॉवर बीआयकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॅशबोर्ड बनवायच्या सॉफ्टवेअरकडे, वळा, त्याचं डेस्कटॉप व्हर्जन फुकट मिळतं, टीममध्ये शेअर करायला मात्र साधारणपणे लायसन्स लागतं. मशीनमधून थेट डेटा घेणारी सिस्टिम चांगलीच असते, पण तीसुद्धा मशीन थांबलं एवढंच सांगते, का थांबलं ते माणसालाच भरावं लागतं, त्यामुळे वर लिहिलेलं कुठलंच काम टळत नाही.

रोजची दहा मिनिटं

डॅशबोर्ड जिथे लावलाय तिथेच, उभ्याने, फर्स्ट शिफ्ट चालू झाल्यावर ठरलेल्या वेळी. प्रॉडक्शन, क्यूए, मेंटेनन्स, स्टोअर, डिस्पॅच, प्रत्येकाचा एक माणूस. सेफ्टी आधी, मग क्वालिटी, मग डिलिव्हरी. जे ठीक आहे त्यावर बोलायचंच नाही. जे मागे आहे त्यावर तीनच गोष्टी, काय झालं, आज कोण काय करणार, कधीपर्यंत. हे शेजारच्या बोर्डावर लिहायचं आणि उद्याची मीटिंग त्याच यादीपासून चालू करायची. लांबलचक चर्चा निघाली तर ज्यांचा संबंध आहे त्यांनी मीटिंगनंतर मशीनवर जाऊन करायची. साहेबांनी ह्यात एकच पथ्य पाळायचं, वाईट आकडा सांगणाऱ्याला पहिला प्रश्न 'तुला काय मदत लागेल' हा विचारायचा. डेटा खरा राहतो तो ह्या एका सवयीमुळे, कुठल्याही फॉर्म्युल्यामुळे नाही.

ऑफिसच्या टीमला, परचेस असो, अकाउंट्स असो, सपोर्ट असो, सगळ्यात उपयोगी आकडा म्हणजे पेंडिंग कामाचं वय. किती कोटेशन द्यायची राहिलीत हे नुसतं मोजू नका, ०-२ दिवस, ३-७ दिवस, ७ च्या वर असे गट करा आणि तिसऱ्या गटातल्या प्रत्येकासमोर ते कोणासाठी थांबलंय ते लिहा. बहुतेक वेळा काम करणारा मोकळा असतो आणि काम मंजुरीसाठी, ड्रॉइंगसाठी, कोणाच्या तरी एका ईमेलसाठी अडलेलं असतं. दिवसाला किती ईमेल पाठवले, किती तास लॉगिन होतं, असले आकडे लावू नका, त्यातून कामाचं काही कळत नाही.

दर तीन महिन्यांनी बोर्डासमोर बसून प्रत्येक आकड्याला विचारा की गेल्या तिमाहीत ह्याच्यावरून एक तरी निर्णय बदलला का. नसेल तर काढून टाका, डेटा भरणाऱ्याचा तेवढा एक प्रश्न कमी करा आणि त्याला सांगा की काढला म्हणून. नवीन आकडा घालायचा असेल तर ऑपरेटरना विचारा, मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला काय मोजायला पाहिजे ते फार आधी कळलेलं असतं.

उद्या शिफ्टला जाताना एक व्हाइटबोर्ड, दोन मार्कर आणि एक डस्टर घेऊन जा, ज्या मशीनमुळे सगळ्यात जास्त ऑर्डरी अडतात त्या एकाच मशीनला तो लावा, आणि चौथ्या रकान्यात पहिलं कारण लिहिलं गेलं की त्याच दिवशी त्याचं काहीतरी करा.